खाडीतल्या नऊ फुटी डिंगीला इलेक्ट्रिक मोटर: कुठली घ्यायची आणि कशी बांधायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की मालवणजवळ देवबागला कर्ली खाडीच्या काठावर घर आहे, नऊ फुटी फायबरची डिंगी आहे, दोघं जण सकाळ-संध्याकाळ गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, जाणार, पेट्रोलचा आवाज-वास नको म्हणून इलेक्ट्रिक आऊटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायची मोटर, घ्यायचीय, तर किती ताकदीची घ्यावी, आणि ती पाण्यात पडू नये किंवा कोणी उचलून नेऊ नये म्हणून कशी बांधावी. आणि दुबईचा भाऊ मे महिन्यात येताना सोबत घेऊन येतो म्हणतोय, ते चालेल का.

दुबईचं आधी निकालात काढू. चालणार नाही. प्रवासी विमानात १६० वॉट-अवरच्या वरची लिथियम बॅटरी सामानात नेता येत नाही, ना हातातल्या बॅगेत ना चेक-इनमध्ये, आणि या मोटरींची बॅटरी त्याच्या पाच-सहा पट तरी असते. एअरपोर्टवर बॅटरी काढून ठेवतील आणि भाऊ बिनबॅटरीची मोटर घेऊन घरी येईल. टॉर्कीडो, ईप्रोपल्शन या आऊटबोर्डच्या कंपन्या, यांच्या बॅटऱ्या त्यांच्या त्यांच्याच, इथे मालवणात कुठलीतरी बॅटरी जोडून भागवू असं होत नाही. बारा व्होल्टची ट्रोलिंग मोटर, म्हणजे हळू चालवत गरवायची छोटी मोटर, असेल तर गोष्ट वेगळी, ती नुसती मोटरच असते, बॅटरी तुम्ही इथे घेता, ती आणायला हरकत नाही, कस्टमचं मात्र आधी बघून ठेवायला सांगा.

आता ताकद. दुकानात किंवा व्हिडिओत तुम्हाला एक हिशोब सांगतील, की बोट, माणसं, सामान मिळून जे वजन होईल त्याच्या दर १०० पौंडाला २ पौंड थ्रस्ट, म्हणजे पंख्याची ढकल, लागतो. तुमची डिंगी ५० किलो धरा, दोन माणसं १५०, बॅटरी, नांगर, आईसबॉक्स ४०, म्हणजे २४० किलो, साधारण ५३० पौंड, म्हणजे ११ पौंड थ्रस्ट झाला आणि दुकानदार सांगणार की ३० पौंडाची मोटर म्हणजे चैनच. हा हिशोब तलावाचा आहे. जिथे पाणी उभं असतं तिथला. कर्लीच्या मुखाशी पाणी कधी उभं राहतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत, भरती आणि सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या, मधे थोडा वेळ, बस. संगमावर, खाडी समुद्राला मिळते तिथे, उधाणाच्या सुकतीला, भरतीनंतरच्या तिसऱ्या-चौथ्या तासात जो ओढ असतो तो दोन नॉट, म्हणजे ताशी पावणेचार किलोमीटर, तर आरामात, आणि पावसानंतर नदीचं गढूळ पाणी वरून येत असेल तर त्याच्याही वर. म्हणून मी सगळ्यांना एकच विचारतो, किती लांब जायचंय ते राहू दे, परत येताना सगळ्यात वाईट अर्धा तास कसा असेल ते सांग, त्या अर्ध्या तासासाठी मोटर घ्यायची.

आकड्यात बघू. नऊ फुटी डिंगी पाणी कापत जाते, पाण्यावर उचलून पळत नाही, तिचा वेग पाण्यातल्या लांबीवर ठरतो, आणि तो चार नॉटच्या आसपास थांबतो, म्हणजे ताशी साडेसात किलोमीटर. त्याच्या पुढे मोटर दुप्पट केली तरी मागे लाट मोठी होते, नाळ, म्हणजे पुढचं टोक, वर जाते, बॅटरी संपते, वेग काही वाढत नाही. हे चार नॉट मिळवायला दोन माणसांसकट साधारण एक किलोवॉट लागतं. अर्ध्या ताकदीत, ५०० वॉटवर, सव्वातीन नॉटच्या जवळपास मिळतात, आणि २५० वॉटवर अडीच. म्हणजे ताकद चौथ्या हिश्शावर आणली तरी वेग निम्म्याच्या वर राहतो, म्हणून उभ्या पाण्यात हळू चालवणाऱ्याची बॅटरी संपता संपत नाही. १,२७६ वॉट-अवरची बॅटरी धरली तर फुल ताकदीवर सव्वा तास आणि नऊएक किलोमीटर, अर्ध्यावर अडीच तास आणि पंधरा किलोमीटर, पाव ताकदीवर पाच तास आणि तेवीसएक किलोमीटर. कागदावर सुंदर.

आता यात समोरून दोन नॉटचा ओढ घाला. पाव ताकदीवर तुम्ही जमिनीच्या हिशोबाने अर्धा नॉट पुढे सरकताय, म्हणजे काठावरचा माड आहे तिथेच दिसतो. अर्ध्या ताकदीवर सव्वा नॉट, आणि अख्ख्या बॅटरीत सहा किलोमीटर. फुलवर दोन नॉट, आणि साडेचार किलोमीटर. म्हणजे ओढाच्या विरुद्ध अगदीच हळू, पाव ताकदीवर चालवून बॅटरी वाचत नाही, उलट जाते, आणि फुल मारूनही फार लांब जाता येत नाही. ज्याची मोटर मुळातच अडीच-तीन नॉटची आहे त्याला तिथे पर्यायच उरत नाही, तो नांगर टाकून पाणी फिरायची वाट बघणार किंवा पलीकडच्या काठाला, भोगव्याच्या बाजूला कडेकडेने वल्ही मारणार.

म्हणून माझं मत सरळ आहे. देवबागहून संगमाकडे, मुखाच्या बाजूला जाणार असाल तर एक किलोवॉटच्या वर्गातली खरी आऊटबोर्ड घ्या. टॉर्कीडोची ट्रॅव्हल ११०३, मिळत असेल तर, ११०० वॉट आणि ९१५ वॉट-अवर बॅटरी, किंवा ईप्रोपल्शनची स्पिरिट १.० प्लस, एक किलोवॉट आणि वर म्हटलेली १,२७६ची बॅटरी. मला या दोघींत तुमच्या कामासाठी स्पिरिट बरी वाटते, बॅटरी मोठी आहे आणि ती हातातून निसटून पाण्यात पडली तर तरंगते, जेट्टीवरून चढ-उतार करणाऱ्याला याची किंमत कळते. दोन्ही लाखाच्या वर जाणार, ड्युटी धरून नीट वर, ते मनाशी धरूनच विचार करा. आणि सर्व्हिस कुठे मिळते हे घ्यायच्या आधी विचारा, पार्सल करून मुंबईला किंवा कोचीला पाठवायची वेळ आली तर सीझन गेला समजा.

मुखाकडे जायचंच नसेल, वर खाडीत आत आत, कांदळवनाच्या कडेने गरवायचं असेल तर बारा व्होल्टची ५५ पौंडाची ट्रोलिंग मोटर चालते, लोक उगाच तिला नावं ठेवतात. फुलवर साधारण ५० अँपिअर खाते म्हणजे ६०० वॉट, तीन नॉटच्या आसपास नेते. ३० पौंडाची घेऊ नका, किमतीत फरक थोडा आणि ताकदीत फरक फार. पण एक बघा, बहुतेक स्वस्त ट्रोलिंग मोटरी गोड्या पाण्यासाठी बनवलेल्या असतात, मिनकोटाची एन्ड्युरासुद्धा गोड्या पाण्याचीच, खाऱ्यासाठी त्यांची रिपटाइड वेगळी. गोड्याची मोटर खाडीत चालत नाही असं नाही, दर वेळी धुतली तर दोन-तीन सीझन काढते, पण स्क्रू आणि आतली जोडणी गंजणार हे धरून घ्या.

थ्री एचपी, फाइव्ह एचपी असं लिहिलेलं बघून फसू नका. एक किलोवॉट म्हणजे १.३४ हॉर्सपॉवर, हे शाळेतलंच आहे. कंपनी तिला तीन एचपी पेट्रोलच्या बरोबरीची म्हणते कारण इलेक्ट्रिकचा पंखा मोठा आणि हळू फिरणारा असतो, डिंगीसारखी जड-हळू गोष्ट ढकलायला तो छोट्या पेट्रोल इंजिनच्या पंख्यापेक्षा चांगला. ढकलण्यापुरतं ते खरं आहे. पण कोणी म्हणालं की डिंगी उचलून पळवेल, तर नाही पळवणार.

शाफ्टची लांबी लोक विसरतात. ट्रान्सम म्हणजे मागची फळी, तिच्या वरच्या कडेपासून डिंगीच्या तळापर्यंत सरळ खाली टेप लावा. ३८ सेंटिमीटरच्या आसपास आलं तर शॉर्ट शाफ्ट, ५० च्या आसपास तर लाँग. पंख्याचं वरचं टोक पाण्याखाली निदान एक वीत राहिलं पाहिजे, नाहीतर लाटेवर मागचं टोक उचललं की पंखा हवा खातो, घर्र आवाज येतो आणि ढकलणं बंद. पण उगाच लांबही नको, सुकतीला तुमच्याकडे चिखल आणि कालवांचे खडक वर येतात, पंखा तिथेच आपटतो. ट्रोलिंग मोटरच्या पंख्यात एक छोटी पिन असते, दगडाला लागलं की ती तुटते आणि पंखा वाचतो, त्या पिनेच्या दोन जास्तीच्या आणि एक नट डिंगीतच ठेवा, पक्कडीसकट.

आता बांधणं. इथे लोक दोन गोष्टींची सरमिसळ करतात, पडू नये म्हणून करायची सोय आणि चोरू नये म्हणून करायची सोय. चोरीसाठी साखळी-कुलूप लावतात आणि वाटतं पडण्याचंही झालं. पण पाण्यात निघताना कुलूप काढलेलं असतं ना, आणि पडते ती पाण्यातच. मी एवढी वर्षं मोटरी बसवतोय, चोरीला गेलेल्यांपेक्षा बुडालेल्या जास्त बघितल्यात, आणि त्यातल्या बऱ्याचशा चालताना नाही तर जेट्टीवरून डिंगीत उतरवताना गेलेल्या. एक पाय जेट्टीवर, एक डिंगीत, हातात मोटर, आणि डिंगी बाजूला सरकते. यावर उपाय एकच, क्रम बदला. आधी दोर, मग मोटर. म्हणजे मोटरच्या ब्रॅकेटला, म्हणजे फळीवर बसणाऱ्या चौकटीला, दोर कायमचा बांधलेला, त्याचं दुसरं टोक आधी डिंगीत अडकवायचं आणि मगच मोटर उचलायची. काढताना उलट, मोटर जेट्टीवर टेकल्याशिवाय दोर सोडायचा नाही. बॅटरी वेगळी निघत असेल तर मोटर आणि बॅटरी एकत्र कधी उचलू नका, स्पिरिटमध्ये मोटर दहा-अकरा किलो आणि बॅटरी नऊच्या आसपास, दोन फेऱ्यात सहज होतं.

दोर आठ मिलिमीटरचा नायलॉनचा, तो थोडा ताणतो म्हणून झटका झेलतो. टोक डिंगीला कुठे, तर ट्रान्समला आरपार बोल्ट मारून बसवलेल्या आय बोल्टला, म्हणजे कडीवाल्या बोल्टला, आतून मोठा वॉशर किंवा स्टीलची पट्टी देऊन. हँडलला किंवा नुसत्या स्क्रूने बसवलेल्या हुकाला बांधलं तर मोटर हुकासकट जाते. मोटरच्या बाजूला ब्रॅकेटला बांधा, हँडलला नाही, वायरला तर अजिबात नाही. लांबी एवढीच की क्लॅम्प, म्हणजे मोटर फळीला आवळणारे स्क्रू, निघाला तर मोटर हातभर खाली लोंबेल, डोकं पाण्यात बुडणार नाही. शॅकल, म्हणजे दोर अडकवायची पिनवाली कडी, ३१६ स्टीलचं, आणि त्याची पिन बारीक तारेने बांधून टाका, थरथरीने ती आपोआप फिरते. आणि हा दोर फिरत्या पंख्यापर्यंत पोहोचत नाही ना ते एकदा मोटर लोंबवून बघाच.

क्लॅम्पवर काय येतं ते सांगतो म्हणजे हात घट्ट का करायचा ते कळेल. पंखा पंचवीस-तीस किलोने ढकलतो, पण तो क्लॅम्पच्या दोन फूट खाली, आणि ब्रॅकेट फळीला टेकतो ते क्लॅम्पच्या खाली जेमतेम वीतभर. त्या तरफेमुळे क्लॅम्पवर ढकलीच्या दुपटीच्या आसपास ताण येतो. आणि फिरवताना, एकदम रिव्हर्स टाकताना तो उलट-सुलट होतो, त्यात थरथर, म्हणून स्क्रू सैल होतात. हाताने जेवढं घट्ट होईल तेवढं करायचं, पाना लावायचा नाही, मूठ वाकते. निघाल्यावर दहा मिनिटांनी परत एकदा आवळायचं, पहिल्यांदा पाव वळसा तरी नक्की मिळतो. स्क्रूच्या आट्यांना ग्रीस, कारण ब्रॅकेट ॲल्युमिनियमचं आणि स्क्रू स्टीलचा, खाऱ्या पाण्यात दोघं एकमेकांना इतके चिकटतात की पुढच्या सीझनला निघतच नाहीत.

फायबरच्या डिंगीची मागची फळी बघून घ्या, आत प्लाय असतो आणि तो कुठेतरी भिजलेला असतो. अंगठ्याने दाबा, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका, टणक आवाज यायच्या जागी बद्द आवाज आला तर आधी फळी, मग मोटर. पातळ असेल तर आतून १८ मिलिमीटरचा मरीन प्लाय, सगळ्या कडा इपॉक्सीने बंद करून, आणि बाहेरून तसाच छोटा तुकडा, मधे आरपार बोल्ट.

आणि ही एक गोष्ट करा, अर्ध्या तासाचं काम आहे. मोटर बसवून क्लॅम्पच्या चकत्या आत जिथे टेकतात तिथे पेन्सिलने गोल करा. मोटर काढा. त्या गोलांच्या वर लगेच, एक बोट जागा सोडून, आडवी लाकडी पट्टी आरपार बोल्ट मारून बसवा, बोटाच्या जाडीची. आता क्लॅम्प सैल झाला, मोटर वर सरकायला लागली तरी चकती त्या पट्टीखाली अडकते, सुटून जात नाही. बसवताना क्लॅम्प पूर्ण उघडून पट्टीवरून खाली घ्यावा लागतो, तेवढाच त्रास. मालवणात जुन्या होड्यांना ही पट्टी तुम्हाला दिसेल, आऊटबोर्डवाले पहिल्यापासून लावतात.

चोरीचं म्हणाल तर सगळ्यात चांगलं कुलूप म्हणजे मोटर घरी नेणं. वीस किलोचीच तर आहे. ते नकोच असेल तर बॅटरी तरी दर वेळी घरी, बॅटरीशिवाय मोटर विकायला कोणी फारसं धजत नाही, आणि स्पिरिट-टॉर्कीडोची चुंबकवाली किल्ली पण खिशात. दोन क्लॅम्पच्या मुठी जवळ आणून त्यावरून सरकवायचं नळीसारखं लॉक मिळतं, ते ठीक आहे, मुठी फिरूच देत नाही, म्हणजे सैल होण्यापासूनही वाचवतं, हे एकच कुलूप असं आहे की जे चालतानाही लावून ठेवावं. पण आधी मुठींची मापं घ्या, प्रत्येक मोटरला बसत नाही. साखळी असेल तर ब्रॅकेटच्या बंद भागातून ओवून आय बोल्टला, आणि डिंगी स्वतः काठावरच्या झाडाला किंवा खांबाला बांधलेली, नाहीतर मोटर डिंगीसकट जाईल. कुलूप पितळी घ्या, चावीच्या भोकात तेल, वर सायकलच्या ट्यूबचा तुकडा झाकणासारखा. मोटरचा नंबर आणि फोटो मोबाईलमध्ये ठेवा, ब्रॅकेटच्या आतल्या बाजूला नाव कोरून घ्या.

ट्रोलिंग मोटर घेतलीत तर बॅटरीचं दोन शब्दात. एलएफपीची, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटची, १०० एएच (अँपिअर-अवर) घ्या, बारा-तेरा किलो, जवळजवळ पूर्ण वापरता येते, लेड ॲसिड तेवढीच घेतली तर पंचवीस-तीस किलो आणि निम्मीच वापरायची. ती मागे मोटरजवळ ठेवू नका. एकटे असाल तेव्हा मागे तुम्ही, मोटर, बॅटरी आणि पुढे काहीच नाही, नाळ आकाशात. बॅटरी मधल्या बाकाखाली, पट्ट्याने बांधून, आणि वायर लांब झाली म्हणून जाड. ५० अँपिअरला जाऊन-येऊन सहा मीटर वायर ६ स्क्वेअर एमएमची टाकली तर पाऊण व्होल्टपेक्षा जास्त वायरीतच जातो, १६ ची टाकली तर त्याच्या निम्म्याहून कमी. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात ६० अँपिअरचा डीसी ब्रेकर, घरातला एमसीबी नको, तो एसीचा असतो, डीसीची ठिणगी तो नीट तोडत नाही. हँडलवर पीव्हीसी पाइपचा दोन फुटी तुकडा घातला की तुम्हीही मधल्या बाकावर बसून चालवू शकता, हे मात्र सगळ्या मोटरींना.

परत आल्यावर मोटर वर उचलून ठेवा, पाण्यात लोंबती ठेवलीत तर महिन्याभरात शेवाळ आणि शिंपले. गोड्या पाण्याने धुवा, आणि महिन्यातून एकदा पंखा काढून मागे बघा, गळाची तंगूस किंवा जाळ्याचा धागा तिथे गुंडाळून बसतो आणि हळूहळू सील कापतो, मग पाणी आत आणि मोटर बाद. खाडीत इलेक्ट्रिक मोटरी याच कारणाने जास्त मरतात, बॅटरीने नाही. जस्ताचा तुकडा, म्हणजे ॲनोड, असेल तर तो निम्मा झाला की बदला, त्याला रंग लावू नका. पावसाळ्यात लिथियम बॅटरी निम्म्या चार्जवर, थंड जागी, पत्र्याच्या शेडमध्ये नाही.

वल्ही आणि नांगर काढून ठेवू नका, लाइफ जॅकेट दोघांना, आणि मोटर इलेक्ट्रिक आहे म्हणजे नोंदणी लागत नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्यानंतर नियम बदललेत, मालवणच्या बंदर ऑफिसात डिंगीची मापं घेऊन एकदा जाऊन या. आणि वेळ तिथीवरून काढताच, तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, मुंबईपेक्षा आपल्याकडे थोडी आधी. सुरुवातीचे दिवस अष्टमीच्या आगेमागे, भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या पाण्यावर, सकाळी मतलई, म्हणजे जमिनीकडचा, वारा पडायच्या सुमाराला जा, दुपारचा समुद्राकडचा खारा वारा आणि उतरतं पाणी समोरासमोर आले की संगमावर नऊ फुटी डिंगीचं काम नाही.

ट्रान्समची उंची आणि फळीची जाडी मोजून कळवा, मग शाफ्ट कुठला आणि आतून प्लाय लागेल की नाही ते सांगतो.